बेलाची फांदी आमच्या बाजूला

तेर, १२ मार्च २०२४

ती. स्व. दादांस,
विरेशचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या दोन घरांत नऊ इंचांची भिंत आहे, तरी हे पत्र टपालाने पाठवतो आहे. चार वर्षांपूर्वी ही भिंत चार बोटं कुणाकडे सरकली यावरून आपण बोलणं बंद केलं. लिहिणं बंद केल्याचं मला आठवत नाही.

विषय तुमच्या बेलाचा. तो उभा तुमच्याकडे आणि पानं गाळतो आमच्याकडे. कडुलिंबाची असती तर खराटा मारून मोकळा झालो असतो. बेलाच्या पानाला खराटा लावायचा नाही, त्यावर पाय पडू द्यायचा नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. रुद्रम्मा रोज सकाळी वाकून एकेक पान वेचते. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिचा मणका पाहिला आणि वाकणं बंद करायला सांगितलं, नाहीतर चालणं बंद होईल म्हणाले. मी वेचतो म्हटलं, तर माझ्या मागून येऊन राहिलेली शोधते. बायको तुमच्या भावाची असली तरी ऐकत मात्र कुणाचंच नाही.

तरी आमच्या बाजूची फांदी उतरवावी. या पत्राचं तिला माहीत नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढला तर आमची हरकत नाही.

आपला,
विरेश

तेर, १६ मार्च २०२४

चि. विरेशला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धाराशिव पाहून चौथ्या दिवशी आलं. त्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. मास्तरकी सुटली तरी डोळा सुटत नाही.

'तुमचा बेल' असं तू लिहितोस. आप्पांनी तो लावला तेव्हा अंगण एकच होतं. मी त्याला हत्यार लावणार नाही. बेल तोडणाऱ्याच्या घराचं काय होतं, हे आप्पा सांगायचे ते तूही ऐकलेलं आहेस. फांदीखाली जुनं लुगडं बांध, पानं त्यात पडतील.

रुद्रम्माच्या मणक्याचं मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, हेही खरंच. वाईट वाटलं.

लोभ होता तिथंच आहे.

तुझा,
दादा

तेर, २७ मार्च २०२४

ती. स्व. दादांस शि. सा. न. वि. वि.

लुगडं बांधलं. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ते फाडलं. मग ढोकीहून बालाजी नावाचा ऊसतोडीचा गडी आणला. त्याने वर पाहिलं, चपला काढल्या, झाडाला हात जोडले, चहा घेतला आणि गेला. असे तिघे झाले. तिघांचाही चहा रुद्रम्मानेच केला आणि तिला फार समाधान वाटलं.

काल मी बाजारातून आलो तर ती अंगणात बसलेली. पानं वेचायला वाकली, ती तिला उठताच येईना. दोन तास तशीच होती, शेजारी हाक मारायची नाही म्हणून. दादा, मला भीती वाटते. येत्या मंगळवारी मीच चढणार. परवानगी मागत नाही, फक्त कळवतो आहे.

रागावला तरी लोभ सोडू नये.

आपला,
विरेश

तेर, ३ एप्रिल २०२४

चि. विरेशला अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आधी मी चढलो, त्यात मर्दुमकी काही नव्हती. आप्पांच्या मागे थोरला मी आहे. पाप लागायचंच तर ते माझ्या नावावर लागावं. तुझ्या घरात आधीच दुखणं आहे. झाडाला पाणी घातलं, माफी मागितली आणि करवत लावली.

फांदी पडताना शिडी घेऊन जाईल, हा विचार केला नव्हता. बहात्तराव्या वर्षी मी वरच्या फांदीला लोंबकळत होतो. हाक मारावी असं मनात आलं, पण चार वर्षांत तुझं नाव घेतलं नव्हतं, ते तोंडातून निघेना. तू भिंतीवर चढलास, माझे पाय खांद्यावर घेतलेस आणि म्हणालास, "दादा, सोडा हात. म्या धरलंय."

मी हात सोडले. खाली उतरून धोतर झटकलं आणि तुला एक शब्द न बोलता घरात गेलो. त्याची मला लाज वाटते. रुद्रम्मा दोन तास भिंतीपलीकडे बसून होती आणि मी अलीकडे पेपर वाचत होतो, त्याची तर फारच वाटते.

हे पत्र टपालात टाकत नाही, शिवानीच्या हाती पाठवतो. नात आहे, नीट पोचवेल. संध्याकाळी तुमच्याकडे येतो आहे. रुद्रम्माला आधीच सांगून ठेव, माझ्या पाया पडायला वाकायचं नाही. आशीर्वाद उभ्यानेच घ्यायचा.

तुझा,
दादा