ओवीची चिठ्ठी

मंगळवार, १० मार्च. बाळकुम.

आज लिफ्टमध्ये नवीन भाडेकरूंची मुलगी भेटली. माझ्या ओवीएवढीच, नऊ वर्षांची असेल. हातात ओवीचं कुत्र्याचं पुस्तक. ओवी गेल्यावर तिची पुस्तकं मीच क्लबहाऊसच्या लायब्ररीत दिलेली, आतल्या चिठ्ठ्या काढायचं सुचलंच नाही. सोसायटीतली मुलं आवडलेल्या पुस्तकात चिठ्ठी चिकटवतात आणि वाचणाऱ्याने खाली उत्तर लिहायचं, हा त्यांचाच नियम.

"काकू, ही ओवी कितव्या मजल्यावर राहते? तिने माझं उत्तर वाचलंच नाहीये अजून."

तिने चिठ्ठी दाखवली. तेच तिरकं अक्षर, खाली ओवीचं नाव. "मध्ये खूप रडू येईल. पण सोडू नको. कुत्रा मरत नाही."

हे लिहिलं तेव्हा ओवी हॉस्पिटलमधून दोन दिवसांसाठी घरी आलेली. मी म्हटलेलं, "अगं, शेवट कशाला सांगतेस?" तर म्हणाली, "आई, भीती वाटली की पुढे वाचवत नाही ना." कुत्रा मरत नाही. कोणाला सांगत होती ती? मुलांना, की मला?

मुलीला म्हटलं, ओवी बाहेरगावी गेलीय. का म्हटलं असं? खरं बोलायला एवढी का घाबरले?

"मग आली की सांगा हं काकू, मी रडले, पण सोडलं नाही."

सांगते, म्हटलं. मी स्वतः ते पुस्तक अर्ध्यावर सोडून लायब्ररीत दिलेलं.