लंगडे बदक, मुक्काम दौंड

दौंड
ता. २१ जानेवारी १९७५

प्रिय मित्र सावळाराम यास,
चांगदेवचा सप्रेम जय भीम. वि. वि.

परवा मांडवगणहून निघालो ते दिवेलागणीला घरी सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे मी आणि बहीण भागुबाई. टोपलीतल्या तिसऱ्या पाहुण्याबद्दल लिहायला दोन दिवस धीर गोळा करीत होतो.

एस.टी. गाठायची म्हणून आम्ही जेवायला थांबलो नाही. सोजरवहिनी नाराज झाल्या. तरीही निघताना चि. सरूने तिचे बदक टोपलीत घालून आमच्या स्वाधीन केले. झाकण लावण्याआधी तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो मी पाहिला. भागुबाई वाटेत म्हणाली, पोरीनं तिचं लाडकं पाखरू आधी धाडलंय, आपलं घर कसं हाय ते बघाया. मलाही पटले. मित्रा, बावीस वर्षे मी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली. लोकांची कोंबडी, कुत्री, एकदा तर सर्कशीचे माकड माझ्या सहीने गेले. एकाही जिवाला ओरखडा आला नाही. आणि तुझ्या मुलीचे बदक माझ्या मांडीवर बसून आले ते लंगडे झाले.

टोपली उघडली तेव्हा पायात सुतळी रुतलेली आणि घोटा लिंबाएवढा सुजलेला. उभे केले की एका अंगावर कलंडते. कुशाबाईने हळद लावली, जालिंदरने कामट्या बांधल्या. सध्या मुक्काम स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला.

मुलगी आम्हां दोघांना आवडली आहे. पण पसंतीचे पत्र मी बदक चालू लागल्यावरच लिहीन. माल मोडून ठेवायचा आणि वर सोयरीक मागायची, हे माझ्याच्याने होणार नाही. जालिंदरला रजा मिळाली नाही म्हणून तो मुलगी पाहायला आला नाही, हे तुला सांगितलेच आहे. बदकाचे नाव कळवावे, हाक मारताना अडते.

चि. सरूस अ. उ. आ. तिला ही बातमी एकदम सांगू नये. माझ्यावरचा लोभ या बदकापायी कमी करू नये.

तुझा,
चांगदेव


मांडवगण फराटा
ता. २४ जानेवारी १९७५

ती. आक्का हिस,
धाकटा भाऊ सावळाराम याचा सा. जय भीम. वि. वि.

चांगदेवचे पत्र सोबत आहे. आधी ते वाच, पोटभर हस, आणि मग मला सल्ला दे.

सरूने नदीकाठी सहा बदके पाळली आहेत ती कशासाठी, हे तुला ठाऊक आहे. दौंडचे पाहुणे येणार म्हणून त्यातले सर्वांत जाड आम्ही राखून ठेवले होते. मसाला वाटून तयार होता. ते थांबेनात, तेव्हा ताटातले जेवण टोपलीतून दिले, एवढीच गोष्ट. पाहुणा जेवल्याशिवाय गेला तर कोंबडे सोबत बांधून देतात, त्याचे पुढे काय करायचे हे कोणी समजावून सांगते का? पाय सरूनेच बांधले, चांगले करकचून. आणि डोक्यावर हात फिरवला म्हणतो, तो डोके आत दाबायला. झाकण लागत नव्हते.

आता खरे कळवावे तर ज्याने जेवणाच्या पायाला कामट्या बांधल्या त्या मित्राला मी कसे तोंड दाखवू? भागुबाई तर रुसूनच बसेल. न कळवावे तर माझ्या मुलीचे लग्न एका बदकाच्या घोट्यावर येऊन अडले आहे. सरूला बाविसावे लागले. शिक्षिकेची नोकरी करू देणार नाही म्हणणारी दोन स्थळे तिने स्वतः परत पाठवली. करू देऊ म्हणणारे हे पहिलेच घर, आणि ते हातचे जाईल या भीतीने मला शाळेत फळ्यावर तारीखसुद्धा नीट लिहिता येत नाही. बदक मेले तर काय, हा विचार मी करतच नाही.

पत्राची वाट पाहतो. तुझी माया आणि तुझा धाक, दोन्ही आहेत तसेच राहोत.

तुझा,
सावळाराम


शिरूर
ता. २७ जानेवारी १९७५

चि. सावळ्यास आक्काबाईचे अ. आ.

हसले. दवाखान्यातल्या बाकीच्या नर्सांनाही वाचून दाखवले, त्याही हसल्या. आता ऐक. ‘ते बदक खायचे होते’ एवढे पोस्टकार्डावर लिही आणि आजच्या टपालात टाक. आज कळले तर दोन्ही घरे हसतील. महिनाभराने कळले तर तू खोटा ठरशील आणि सोबत पोरगीही.

दुसरे असे की, चांगदेवने बदकावर पानभर मजकूर लिहिला आणि पोरावर एक ओळ. तीही रजा न मिळाल्याची. तीस वर्षे मी आजाऱ्यांची तोंडे पाहिली आहेत. माणूस जिथे दुखते तिथले बोलत नाही, भलतीकडचे बोलतो. नीट चौकशी कर.

सोजरला आशीर्वाद. राग माझा नेहमीचा आहे, मनावर घेऊ नकोस. पण कार्ड टाक.

आक्का


मांडवगण फराटा
ता. ३० जानेवारी १९७५

प्रिय चांगदेव यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. तू मनाला फार लावून घेतलेस. प्रवासात होणारच. चि. सरूला मी हळूहळू सांगितले. तिने धीराने घेतले, त्या दिवशी फक्त अर्धी भाकरी कमी खाल्ली. बदकाचे नाव गुलाब. लहानपणापासून ते तिच्याच हातचे खाते, त्यामुळे परक्या घरी थोडे बावरेल. भिजवलेला भात आणि कोंडा त्याला आवडतो.

पाय बरा होण्याची आम्ही काही घाई करीत नाही. पसंतीचे पत्र मात्र आधी आले तरी आमची हरकत नाही.

कुशावहिनींना त्रास पडला, त्याबद्दल क्षमा असावी. लोभ वाढत राहावा, सूज उतरावी.

तुझा,
सावळाराम


दौंड
ता. १० फेब्रुवारी १९७५

ती. आक्काबाई यांस,
चांगदेवचा सा. जय भीम. वि. वि.

शिरूरला बोर्डिंगात असताना सावळारामबरोबर तुमच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, त्या हक्काने लिहितो. गुलाबचा पाय अजून धरत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले, ते म्हणाले, म्हैस आणली असती तर पाहिली असती. नाव घेऊन हाक मारू लागल्यापासून खाणे मात्र वाढले आहे. तुम्ही दवाखान्यातल्या, काही उपाय सुचवावा.

आणखी एक लिहायचे आहे, ते सावळारामला लिहवत नाही. गेल्या वर्षी पावसात जालिंदर सायकलवरून पडला. मांडीचे हाड मोडले ते तिरके जुळले. पाय दीड इंच आखूड झाला आहे, चालताना ओढतो. शाळेतल्या कारकुनीला काही बाध नाही. पण लग्नाच्या बाजारात माझा मुलगा आता लंगडा. रजेचे मी खोटे सांगितले. मुलगी पाहायला त्याला नेलेच नाही. म्हटले, एकदा घरे जुळू देत, मग सांगू. तेवढ्यात हे बदक आले आणि मी त्याच्यामागे लपलो. ते बरे होईपर्यंत मला काहीच लिहावे लागत नाही.

काय करू ते सांगावे. आपल्या मायेचा आधार सुटू देऊ नये.

आपला,
चांगदेव


शिरूर
ता. १४ फेब्रुवारी १९७५

चि. चांगदेवास आक्काबाईचे अ. आ.

आधी बदकाचे. कामट्या काढून टाक, घट्ट झाल्या असतील. खाली कोरडे गोणपाट घाल. दिवसातून दोनदा खोल पाण्यात पोहायला सोड, म्हणजे अंगाचा भार पायावर न येता पाय हलेल. एवढे मोठे भांडे नसेल तर कुशाबाईचे घंगाळ काढ.

आता तुझे. तुझ्या पोराने काही चोरी केलेली नाही. हाड मोडले, जुळले, आखूड झाले. असली हाडे मी महिन्याला चार पाहते. लाज वाटण्याजोगे जे आहे ते तुझ्या पत्रात आहे, त्याच्या पायात नाही. आमच्या सावळ्याने काय केले आहे ते तो तुला सांगेल तेव्हा सांगेल, त्यावर मी बोलणार नाही. पण बोर्डिंगात तुम्ही दोघे मिळून एक गणित चुकवीत होता, ते अजून चालू आहे.

पंधरा दिवस देते. सरू माझी भाची आहे. तेवढ्यात तू कळवले नाहीस तर मी कळवीन, आणि माझी भाषा तुला माहीत आहे.

कुशाबाईस आशीर्वाद. माया आहे म्हणूनच इतके लिहिले.

आक्काबाई


दौंड
ता. २ मार्च १९७५

प्रिय सावळाराम यास,
सप्रेम जय भीम.

कार्ड घाईने लिहितो. आज सकाळी गुलाब अंगणभर चालले. नीट, सरळ, जराही न लंगडता. कॉलनीतल्या साऱ्या बायापोरांना बोलावून दाखवले, पेढे वाटले. स्टेशनमास्तरही पाहून गेले. चि. सरूला पहिल्यांदा सांगावे. आमची पसंती या कार्डाने कळवीत आहे. तारीख धरायला केव्हा येऊ? जालिंदर कामात आहे, त्याचा जय भीम. बाकी भेटीत. आनंदात सामील करून घ्यावे.

चांगदेव


दौंड
ता. ५ मार्च १९७५

तीर्थस्वरूप सावळारामकाका यांस,
जालिंदर याचा सा. जय भीम. वि. वि.

मी आपल्याला कधी भेटलो नाही. वडिलांचे कार्ड आपल्याला मिळाले असेल. त्यांना न सांगता लिहीत आहे.

शिरूरच्या आक्काबाईंचे पत्र आईला वाचून दाखवायला माझ्या हातात आले, तेव्हा मला कळले की माझा पाय आपल्याला सांगितलेला नाही. मला वाटत होते, सांगितला आहे आणि आपण विचार करीत आहात. सवा महिना मी बदकाची चाकरी केली ती त्याच समजुतीने. म्हटले, त्यांच्या मुलीचे पाखरू आहे, तेवढे तरी आपल्या हातून बरे व्हावे.

ते बरे झाले. माझा पाय बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मी लंगडतो. लांब चालल्यावर दुखते, जिना चढायला वेळ लागतो. बाकी प्रकृती उत्तम.

आणखी एक लिहितो, लिहू नये कदाचित. रविवारी बदक चालले तेव्हा दादांनी कॉलनी गोळा करून पेढे वाटले. मागच्या दिवाळीत मी काठी सोडून त्याच अंगणात पहिल्यांदा चाललो होतो. तेव्हा दादा म्हणाले होते की आत चल, लोक बघताहेत. त्यांच्यावर राग धरू नये. ते रात्री माझा पाय चेपतात आणि रडतात, मी झोपलो आहे असे समजून.

आपण नकार दिलात तर मला वाईट वाटेल, पण तो खरे कळल्यावर दिलेला असेल. बदक कोणाच्या हाती पाठवू ते कळवावे. सरूबाईंना त्याची आठवण येत असेल.

आपल्या लोभास पात्र व्हावे अशी इच्छा धरणारा,
जालिंदर


मांडवगण फराटा
ता. १० मार्च १९७५

श्री. जालिंदर यांस,
सरूचा जय भीम. वि. वि.

तुमचे पत्र बाबांच्या नावाने आले. त्यांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि माझ्या हातात दिले. त्यानंतर आधी आलेली सगळी पत्रेही आणून दिली, त्यांना स्वतः काय उत्तर लिहिले तेही सांगितले आणि परसात जाऊन बसले. ते सगळे मी कालच प्रथम वाचले.

ते बदक माझे लाडके नव्हते. ते तुमच्याकडच्या पाहुण्यांनी घरी जाऊन कापून खावे म्हणून दिले होते. त्याला नाव नव्हते. गुलाब हे बाबांनी पत्र लिहिताना ठेवले. मी अर्धी भाकरी कमी खाल्ली नाही. सुतळी मी बांधली होती, तेव्हा त्याचा पाय माझ्यामुळे गेला आणि तुमच्यामुळे आला. ते आता तुमचेच. परत पाठवलेत तर आमच्याकडे त्याचे काय होईल ते सांगता येत नाही.

दुसरे, मला राग आला आहे. तुमच्या भागुआत्यांनी त्या दिवशी मला पाण्याची कळशी देऊन अंगणात दोनदा चालून दाखवायला लावले, मुलीच्या पायात काही खोट नाही ना ते पाहायला. मी चालले. ज्या घरून ते पाहायला आले होते त्याच घरात तुम्हाला दाराआड बसवले होते. हा राग तुमच्यावर नाही. पण तो अजून गेलेला नाही, आणि तुमच्या दादांना मी तो एकदा तोंडावर सांगणार आहे. तुमच्या पत्रातला पेढ्यांचा मजकूर वाचून मी रडले, हेही सांगून टाकते.

बाबा म्हणाले, तू ठरव. मी ठरवले आहे, तरी तुम्ही मला पाहिलेले नाही, म्हणून येत्या रविवारी यावे. दादांना आणावे, भागुआत्यांनाही आणावे. जेवायला बदकच आहे, तुम्हाला नको असेल तर आधी कळवा, वांगी करू.

एस.टी. थांब्यापासून आमचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. कोणाची सायकल मागू नका, बाबांनाही बैलगाडी आणू देणार नाही. मी थांब्यावर येईन. भर पेठेतून, सगळ्यांच्या देखत, आपण चालत घरी येऊ. ज्याला पाहायचे त्याने पाहावे. मला भराभर चालायची सवय आहे. पुढे गेले तर वळणावर थांबेन.

पत्राखाली लोभ असावा म्हणून मागायची रीत आहे. मी मागत नाही, माझ्याकडून सुरुवात झाली आहे.

सरू