गोमाचा डबा

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

पाच डबे घ्यायचे ठरले. दोन नाही — पाचच!

महेंद्र म्हणतो, बाबा, घरच्या कॉम्प्युटरला दोन स्पीकर पुरतात. त्याला पुरत असतील. आमच्या गायन पार्टीत माणसं पाच होती. मुरबाडच्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट त्याने कल्याणला नेऊन कॉम्प्युटरवर चढवून आणली. तिच्यात गोमाची ढोलकी आहे. पण कॉम्प्युटरच्या पोटातल्या स्पीकरातून ती ऐकली तर डब्यात वाटाणे हलवल्यासारखी वाटते.

माघ पौर्णिमेला गोमाला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी त्याची धोंडूबाई ढोलकी ऐकायला येणार. मीच बोलावून बसलोय. आता आवाज धड आला नाही तर तिला काय तोंड दाखवू?

३० जानेवारी, गुरुवार

शहापूरला गेलो, बायको बरोबर. सुयोगच्या दुकानात एवढे प्रकार, की मला घाम फुटला. एकाला निळे दिवे. गोजाबाई म्हणाली, "हळदीला लावायचेत काय?" त्यावर दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. म्हणून काळे घेतले, बिनदिव्याचे. पाच डबे आणि जमिनीवर ठेवायची एक मोठी पेटी. ती धमधम करते. डबे पाच जणांचे पाच, ती मात्र कुणाच्याच नावावर नाही.

मी एकेका डब्याला वाकून कान लावला. सगळे बोलले. सुयोग म्हणाला, काका, असं डॉक्टरसारखं तपासून कुणी स्पीकर नेत नाही. मी म्हटलं, तुझं काय जातंय?

एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो. गोजाबाईने खिडकीची जागा मला दिली. डोळखांबपर्यंत प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली.

२ फेब्रुवारी, रविवार

महेंद्रने जोडणी केली. वायरी भिंतीवरून, तांदळाच्या कणगीमागून नेल्या. मी प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली. मुरबाडला जो जिथे बसला होता, त्याचा डबा तिथे. मागे डावीकडे गोमा.

महेंद्र सांगत होता की बाबा, कॅसेट एकाच माइकवर भरलेली, सगळ्यांचा आवाज सगळ्या डब्यांतून येणार. येऊ दे. बसायची जागा ठरलेली बरी.

मधोमध खुर्ची टाकून बसलो. गाणं लागलं. उजवीकडचे दोघे खणखणीत. मधला ठीक. पुढचा डावा कुजबुजला. आणि गोमा — मुका!

महेंद्र म्हणतो, येतोय की आवाज. गोजाबाई म्हणते, येतोय. दोघांनाही कामं उरकायची घाई.

३ फेब्रुवारी

उंदीर! उंदरानेच वायर कुरतडली असणार.

नाही. वायर धड आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

गोमाचा डबा पिशवीत घालून परत शहापूरला. सुयोगने तो लावला. मी कान लावला तर मेला स्पष्ट बोलतो! तरी त्याने बदलून दिला. म्हणाला, "काका, हा पण बोलतो, तो पण बोलतो. घरी तुमी त्याला रागावता काय?"

घरी आणून जोडला. मुका.

८ फेब्रुवारी, शनिवार

महेंद्रने वैतागून मागच्या दोन डब्यांची अदलाबदल केली. तर गोमाचा डबा उजव्या कोपऱ्यात गेल्याबरोबर गरजायला लागला, आणि उजवीकडचा चांगला डबा गोमाच्या कोपऱ्यात जाऊन मुका झाला.

म्हणजे डबा नाही. कोपरा!

गोमा होताच रुसका. चहा गार मिळाला तरी ढोलकी पिशवीत घालायचा. आणि ताल तर असा पळवायचा, की गाणाऱ्याने मागून धावत यावं. पण रुसला तरी दुसऱ्या कडव्याला परत यायचा. आता कशावर रुसलाय?

हे मी काय लिहितोय? भूतबीत काही नसतं हे दर वेळी विहारात उभं राहून सांगणारा मीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्या कोपऱ्यात मेणबत्ती लावावी असं मनात आलं. कुणाला बोललो नाही. पण मेणबत्ती हातात घेऊन उभा होतो, गोजाबाईने पाहिलं. म्हणाली, तिकडं कोण नाय, आणि पौर्णिमेपर्यंत गप बसा. हे म्हणे तिने दोनदा सांगितलं. मला एकदाच ऐकू आलं. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते.

धोंडूबाईला येऊ नको असा निरोप पाठवावा काय? महेंद्र नाही म्हणाला. ती नवी साडी काढून बसलीय म्हणे.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

वंदना झाल्यावर गोजाबाईने माझी खुर्ची उचलली आणि उलटी ठेवली. पाठ कॉम्प्युटरकडे. बसा म्हणाली. गाणं लावलं.

गोमाच्या कोपऱ्यातून ढोलकी आली. खणखणीत! आणि इतके दिवस उजवीकडून बोलणारे दोघे माझ्या डाव्या हाताला गेले, तर तेच गप्प.

माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

गोजाबाई म्हणाली, "डबे धड हायत. दोन वर्षं झाली मी तुमच्या उजव्या अंगाला बसते, ती काय हौस म्हनून?"

मग धोंडूबाई आली. सगळे कॉम्प्युटरकडे तोंड करून, मी एकटा उलटा. तिने विचारलं, भावोजी, तुमी असं पाठ करून का?

मी म्हटलं, "गोमाकडं तोंड करून बसलोय."

"बोलतो काय?"

"तालात नाय. पण बोलतो."