खिडकीवरची थट्टा

प्रिय गुंड्या,

हे पत्र खालच्या मजल्यावरचा शिंपी लिहून घेतोय. त्याला आधीच बजावलंय, कापडातलं चोरतोस तसं माझ्या बोलण्यातलं चोरू नकोस. हे वाक्य त्याने लिहिलं असेल, तर माणूस बरा आहे असं समज.

माझं ठीक चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण तेही आपल्याच घराण्यातले, गप्प बसणं त्यांना कुठून जमणार? तू लहान असताना आपण दुकान-दुकान खेळायचो. तू गल्ल्यावर, मी गिऱ्हाईक, झाडाची पानं म्हणजे नोटा. फाटकं पान दिलं की तू परत करायचास. मग मी हसायची, एवढा चोखंदळ शेट असला तर दुकानात माशीसुद्धा फिरकायची नाही. तू रडवेला होऊन ते पान ठेवून घ्यायचास. तुला कुणी हसलेलं सोसत नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. ठाऊक असूनही माझी जीभ वळवळतेच.

परवा तुझी बायको औषधं घेऊन आली. तू तोंड शिवून बसलास, म्हणून तिनेच सांगितलं. तुझ्या पाणीपट्टीच्या खिडकीवर त्या टोपीवाल्या कंत्राटदाराच्या गड्डीत खोट्या नोटा निघाल्या. बँकेने त्या ठेवून घेतल्या आणि भरपाई तुझ्या पगारातून कापणार, कारण ज्याने घेतल्या त्याने भरायचं, असा नियमच आहे म्हणे. तेवढ्यावर भागलं असतं तर मी बांगड्या मोडून गप्प बसले असते. पण एकेक नोट निळ्या दिव्याखाली धरणाऱ्याने नेमकी हीच गड्डी न बघता कशी घेतली, असं साहेब विचारतात. कंत्राटदाराशी तुझं साटंलोटं असल्याचा त्यांना संशय आहे, नोकरी जाईल, असं तुझी बायको रडत सांगत होती. आणि लेखी उत्तरात तू काय दिलंस, तर ‘माझं दुर्लक्ष झालं.’ बस्स.

कुणामुळे झालं, ते नाही लिहिलंस. त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून मी तुझी वाट बघत तुझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले होते. रांग दारापर्यंत गेलेली. बसून बसून कंटाळले आणि मोठ्याने म्हणाले, अहो, हा नोटा तपासतोय की उवा शोधतोय? सगळी रांग हसली, टोपीवाला सगळ्यांत जास्त. तुझे कान लाल झाले. तू दिवा बाजूला सारलास आणि त्याची गड्डी नुसती मोजून आत टाकलीस. मला मेलीला वाटलं, वा, अजून आपला शब्द चालतो.

काल शिंप्याला घेऊन तुझ्या साहेबांकडे जाऊन आले. त्यांनी माझं सांगणं लिहून घेतलं, खाली अंगठा घेतला. पैसे भरावेच लागतील म्हणाले, नियमाला आजी नसते. पण आजी म्हणते ते खरं का, हे सोमवारी तुला विचारणार आहेत. त्यासाठीच हे पत्र. तू काय सांगशील ते मी ओळखून आहे, ‘म्हातारी आहे, काहीबाही बोलते, मनावर घेऊ नका.’ माझी अब्रू झाकायला तसं बोलू नकोस रे बाळा. माझ्या अब्रूला आता कोण विचारतो, तुला अजून उभा जन्म काढायचाय. मान खाली न घालता ‘हो’ म्हण, आणि घरी येऊन मला हवं तेवढं बोल. मी ऐकून घेईन.

तुझीच,
तोंडाळ आजी