वाकडी बसलेली जाळी

पांढुर्णा,
९ मार्च २०२५

चि. हर्षल यास,
मोठ्या बहिणीचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नको. हे माझ्याच उजव्या हातानं लिहिलेलं आहे. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं बजावलं की मोबाईलवर बोट फिरवण्यापेक्षा रोज पेन धरा. म्हणून फोन न करता पत्र.

तुझा डबा सौसरच्या बसनं पोचला. मला वाटलं आईनं शेवया पाठवल्या. उघडला तर प्लास्टिकची मोटार, तीही सुटी! यांनी विचारलं, चाळिशीतल्या बहिणीला भाऊ खेळणं काहून पाठवून राहिला? मी म्हटलं, तो स्वतः तहसीलमधून घरी आला की हेच करत बसते.

स्कूटीवरून पडली त्याला आता बरेच महिने झाले. मनगटाचं हाड जुळलं, पण शीर दबली होती, त्यामुळे अंगठा आणि पहिलं बोट अजून नीट मिटत नाही. दवाखान्याच्या लॅबमध्ये रुजू झाली, पण रक्त काढायला नाही, रिपोर्ट वाटायला. सुई उचलली की चंचल, आमच्याकडची नवीन पोरगी, ती हळूच हातातून घेते आणि म्हणते, ताई तुम्ही बसा. मनानं चांगली आहे ती. पण मला ते लागते. लहान लेकरांच्या दिसतही नाहीत अशा नसा मी शोधून काढल्या आहेत. मला त्याच खुर्चीवर परत बसायचं आहे.

तर ही मोटार कशी जोडायची ते नीट लिहून पाठवजो. व्हिडिओ नको. व्हिडिओ माझ्या बोटांसाठी थांबत नाही.

आईला जयभीम सांगजो. माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई,
वंदना

*

सौसर,
१६ मार्च २०२५

ती. वंदनाताईस,
धाकट्याचा सादर जयभीम. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं ते माझ्याकडून घेऊन डोळ्यांजवळ धरलं आणि अक्षरावरून बोट फिरवलं.

आता मोटारीचं. सगळे पार्ट्स, ज्या चौकटीला चिकटून आले आहेत तिच्यासकट, साबणाच्या पाण्यात धू आणि वाळू दे. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पार्ट मुरगाळून तोडू नको. कटरनं आधी लांबून काप, मग जवळून. जे बारीक टोक राहील ते पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास, घाई न करता. चिमटा जितका हलका धरशील तितका बरा. जोरात दाबला की पार्ट उडते.

गोंद लावायच्या आधी प्रत्येक पार्ट नुसता बसवून पाहा. टेपनं धरून ठेव, चारही बाजूंनी बघ. हा गोंद प्लास्टिक विरघळवते, म्हणून चूक झाली की सहजी सुटत नाही. दोन पार्ट्स जुळवून धर आणि फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकव, गोंद आपोआप आत ओढला जाते. काचांना मात्र हा लावू नको, पांढऱ्या पडतात. तिथं फेविकॉल.

समोरची, दोन दिव्यांमधली जाळी वेगळी आहे. गाडीचा चेहरा तोच, म्हणून ती शेवटी बसव. रंगासाठी बॉडी माझ्याकडे पाठवून दे.

लहानपणी माझी समासाची रेघ वाकडी गेली की तू अख्खं पान फाडायला लावायची. आता मी तपासणार आहे.

भाऊजींना जयभीम. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.
तुझा,
हर्षल

*

पांढुर्णा,
६ एप्रिल २०२५

चि. हर्षल यास,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझे पार्ट्स खरंच उडतात. बाजूचा आरसा चिमट्यातून सुटला तो थेट फ्रिजखाली. यांनी जमिनीवर पालथं पडून, बॅटरी लावून शोधला. त्या दिवसापासून दुकानातून आले की आधी विचारतात, गाडी कुठवर आली?

गाडीच्या तळाला गोंद जास्त झाला आणि मी तिथंच अंगठा टेकवला. ठसा उमटला, आता तो जन्मभर राहील. चाकं मात्र फिरतात. एक चाक बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या संध्याकाळी मी रडली, मग तोंड धुतलं आणि परत बसली.

जाळी डावीकडे जराशी खाली बसली आहे. फटीत पुट्टी भरून घासली, तर डाव्या दिव्याजवळ जास्तच खोल गेलं. मला दिसते ते. आहे तशीच रंगव, दुरुस्त करू नको. बॉडी बसनं पाठवून राहिली.

उन्हात फिरू नको. आठवण ठेवजो.
तुझी ताई,
वंदना

*

सौसर,
२० एप्रिल २०२५

ती. वंदनाताईस,
सादर जयभीम. वि. वि.

बॉडी रंगवून पाठवली आहे. मेंदी रंग दिला. या उन्हात स्प्रे हवेतच वाळतो आणि गाडीवर रेती पडल्यासारखा बसतो, म्हणून पहाटे अंगणात मारला, पातळ पातळ हात देऊन.

जाळीचं म्हणशील तर ती एवढी काही वाकडी नव्हती. तू स्वतःला उगाच कमी लेखते. आईनं गाडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, माझ्या वंदनाचा हात पहिल्यासारखा झाला. तिनं शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवली.

आता काचा बसव आणि आरामात राहा. लोभ असाच असू दे.
तुझा,
हर्षल

*

पांढुर्णा,
२५ एप्रिल २०२५

हर्षल,
जयभीम.

गाडी पाहून मला किती आनंद झाला ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं तुला कळेल. मी ती लॅबमध्ये नेली. आमच्या लॅबचे प्रमुख अरविंद सर, त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, हे माझ्या हाताचं काम आहे, मला रक्त काढायला बसू द्या. सरांनी जाळीवरून नख फिरवून पाहिलं आणि सोमवारपासून बसा म्हणाले.

घरी आल्यावर मी ती दिव्याखाली धरली. डाव्या दिव्याजवळ मी खोल घासलं होतं ते कुठं गेलं? जाळी सरळ कशी झाली? तू ती काढून परत बसवली, हर्षल. आणि वरून मला लिहिलं की वाकडी नव्हती.

तुझा जीव आहे माझ्यावर, माहीत आहे मला. चंचलचाही आहे. पण सोमवारी मी याच भरोशावर कोणाच्या तरी हातात सुई घातली असती. माझा हात कुठवर आला, हे मला खरं कळायला पाहिजे. सगळे मिळून तेच लपवून राहिले.

सरांकडे जाऊन मी स्वतःच सांगितलं की ते काम पूर्ण माझं नव्हतं, मला थोडा वेळ द्या. सांगताना कान गरम झाले.

रंग सोडवायला मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी चौकटीच्या तुकड्यावर लावून पाहिलं, प्लास्टिकला काही झालं नाही. मग बॉडी डब्यात बुडवून ठेवली आणि जुन्या टूथब्रशनं सगळा रंग काढला. जाळी पात्यानं सोडवली. तिचा एक कोपरा तुटला, तो मी जोडीन. रंगही मीच मारणार. कसा मारायचा तेवढं लिही आणि डबे पाठव.

आईला खरं काय ते सांग.
वंदना

*

सौसर,
२ मे २०२५

ती. वंदनाताईस,
सादर जयभीम. वि. वि.

चुकलं माझं. वाकडी जाळी पाहिली आणि राहवलं नाही. आई बाजूलाच उभी होती, कशी झाली विचारत होती. मला वाकडी म्हणवलं नाही.

तिला आता सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोलत जाऊ नका रे. मी तिचा मोडलेला हातही पाहिला आहे."

रंगाचं असं. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात ठेव, मग भरपूर हलव. गाडीच्या बाहेर बटण दाबायला सुरुवात कर, गाडीवरून हात न थांबवता ने आणि पलीकडे गेल्यावर सोड. मधेच थांबलीस की ओघळ येतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा. खालचं प्लास्टिक दिसलं तरी चालते. एकाच वेळी झाकायला जाऊ नको. ओघळ आलाच तर पुसू नको, पूर्ण वाळू दे आणि मग घास. आपण पुसायला जातो तिथंच काम बिघडते.

मी शिकवायला येणार होतो. येत नाही. आलो की हातातून डबा घेईन, हे आता मला कळलं आहे.

राग उतरला की लोभ कर.
तुझा,
हर्षल

*

पांढुर्णा,
१४ जून २०२५

चि. हर्षल यास,
जयभीम आणि खूप आशीर्वाद. वि. वि.

राग कधीच उतरला. पत्र लिहिलं नाही, कारण आधी काम पुरं करायचं होतं.

रंगाला दोनदा ओघळ आले. दोन्ही वेळा पुसले नाहीत, वाळू दिले, घासले, परत मारला. तुटलेला कोपरा पुट्टीनं भरला. जाळी चार दिवस नुसती टेपवर बसवून पाहिली आणि मगच गोंद टेकवला. आताही ती अगदी सरळ नाही. पण पहिल्यापेक्षा बरीच सरळ आहे, आणि तेवढी माझी आहे. नंबर प्लेटचं स्टिकर पाण्यातून काढताना दुमडलं. बोटं लावली असती तर फाटलं असतं. ब्रशनं पाण्याचा थेंब सोडत राहिली, मग हळूहळू उघडलं. यांनी तोवर श्वास रोखून धरला होता.

गाडी पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी अरविंद सरांना सांगितलं की आता पाहू. ते म्हणाले, पेशंट हो म्हणाला तर घ्या.

पहिले आले ते कवडूजी, रामाकोना गावचे म्हातारे शेतकरी. इथं लेकीकडे आले आहेत. मी त्यांना आधीच सांगितलं की माझा हात मोडला होता, बऱ्याच दिवसांनी सुई धरून राहिली, नको असेल तर दुसऱ्या बाई आहेत. त्यांनी बाही वर सरकवली.

पट्टा बांधला, नस सापडली, सुई घातली आणि नस बाजूला सरली. रक्त आलं नाही. सुई काढून कापूस दाबला. चंचल पुढं आली, तिनं हात लांब केला.

मी म्हटलं, "चंचल, राहू दे."

मग कवडूजींना विचारलं, बाबा, अजून एकदा पाहू का? खरं सांगते, ते नाही म्हणाले असते तर मी उठली असती, आणि दुसऱ्या दिवशी परत बसली असती. त्यांनी कापूस धरलेला हात मांडीवर ठेवला आणि दुसरा पुढं केला. म्हणाले, "घ्या बाई. हाही हात माहाच आहे."

या वेळी मी घाई केली नाही. अंगठा आणि बोट सुईवर नीट बसेपर्यंत थांबली. मग सुई घातली आणि नळीत रक्त चढलं. नळीवर नाव मीच लिहिलं. अक्षर वाचता येते.

कवडूजी उठले, बाही खाली केली आणि चहा प्यायला गेले. बाहेर रांग होती. मी पुढच्याला आवाज दिला.

आईला हे सगळं वाचून दाखवजो, नस सरली तेही. दोघांवर जीव आहे, तुमचाही असू दे.
तुझी ताई,
वंदना