लग्न झाल्याचा पुरावा

९ सप्टेंबर

"तुमचे नाते खरे आणि चालू आहे, हे दाखवणारे पुरावे जोडा."

चालू आहे! नातं म्हणजे काय एसीचा कॉम्प्रेसर आहे, चालू की बंद ते कान लावून बघायला? पंधरा वर्षं झाली लग्नाला. तेरा वर्षांची मुलगी आहे. ती काय दुकानातून आणली?

हेमाने पर्थहून फॉर्म पाठवलाय. ऑस्ट्रेलियाचा पीआर — नवरा म्हणून. ती तिकडची नागरिक झाली, म्हणून मी आता 'परदेशी जोडीदार'. फोनवर म्हणाली, "शांतपणे भरा. चिडून भरू नका." चिडलो नव्हतो. ती तसं म्हणाली म्हणून चिडलो.

१० सप्टेंबर

स्पॉन्सरच्या रकान्यात हेमाचं नाव. खाली अर्जदार म्हणून मी. हे लिहिणं जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

तिला बहरीनला आणली तेव्हा स्पॉन्सर मी होतो. तिच्या व्हिसावर माझं नाव होतं. गुहागरच्या बाहेर न पडलेली पोरगी, नर्सिंग झालेली; मी तिला इथे क्लिनिकमध्ये नोकरी बघून दिली. मग तिने घरी अभ्यास करून तिकडच्या परीक्षा दिल्या, पास झाली. मीच म्हटलं, जा. मृणालीलाही ने, शाळा चांगल्या आहेत. फॅमिली फ्लॅट सोडला आणि मी सलमाबादला मयुरेशबरोबर खोलीत येऊन पडलो. तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही.

एसीच्या डक्टच्या वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली एवढी माणसं आहेत. पत्रा कुठे कापायचा ते मी सांगतो. आणि इथे एक कागद मला विचारतोय — तुम्ही कोणावर अवलंबून आहात?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टीचा दिवस फोटो शोधण्यात गेला. "फक्त दोघांचे" फोटो पाहिजेत, वेगवेगळ्या वर्षांचे.

एक नाही! लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही दोघं आहोत, पण आजूबाजूला अख्खी वाडी. गणपतीच्या फोटोत मध्ये आई. बारशाच्या फोटोत मध्ये आई आणि तिच्या मांडीवर मृणाली. सखीरला मोटारींची रेस बघायला गेलो होतो, तिथे मी हेमाचा फोटो काढला आणि हेमाने माझा. कोणाला तरी सांगून दोघांचा काढून घ्यावा, हे सुचलंच नाही. आमच्यात कोण उभं राहतं असं बायकोच्या खांद्यावर हात टाकून? आईसमोर तर शक्यच नाही.

मयुरेश साताऱ्याचा, कंपनीत अकाउंट्स बघतो, लग्न व्हायचंय. म्हणाला, "भावा, क्रॉप कर ना. मधली आई काढून टाक, दोघांना जवळ घे. दोन मिनिटांचं काम."

आईला कापायचं म्हणे. त्याला खोलीबाहेर काढला. नंतर चहा करून दिला.

१५ सप्टेंबर

आता मेसेज पाहिजेत. "दोघांमधील नियमित संपर्क." मोबाइल उघडून बसलो.

जेवलात का. — हो.
मृणालीची फी भरली. — बरं.
गोळी घेतली का. — हो.
आईंना फोन केला का. — केला.

चार वर्षांचं असंच आहे. हे वाचून तिकडचा साहेब काय ठरवणार? की हे दोघं एकाच ऑफिसात कामाला आहेत म्हणून? पण "गोळी घेतली का" हे तिने रोज विचारलंय, माझ्या बीपीची. रोज! त्याला काय म्हणतात तिकडे?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मनामाला ताहिरच्या टायपिंग सेंटरवर गेलो. व्हिसाचे सगळे कागद मी त्याच्याकडेच करतो. आमचं नातं कसं सुरू झालं, कसं वाढलं, हे एका पानात लिहायचंय. ताहिर म्हणाला, "जेपी भाई, टेन्शन मत लो. मेरे पास तैयार पड़ा है, सिर्फ नाम बदलना है."

वाचून दाखवलं. पहिल्याच नजरेत मी तिच्या डोळ्यांत हरवलो. समुद्रकिनाऱ्यावर तिला अंगठी दिली. तिच्यावाचून माझं जग अपूर्ण आहे.

मी म्हटलं, "ये किसका है?"

"सबका यही है भाई. आज तक कोई रिजेक्ट नहीं हुआ."

डोंबल तुझं! मला हेमा दाखवायला नेलं तेव्हा ती पोह्यांची बशी ठेवून आत गेली, ती परत बाहेरच आली नाही. डोळे बघायला मिळाले कुठे? पैसे देऊन उठलो आणि कागद तिथेच ठेवला. ताहिर मागून ओरडत होता, खलास भाई, नाराज मत हो.

२१ सप्टेंबर

स्वतःच लिहिलं. आमच्या घरच्यांनी ठरवलं. आम्ही लग्न केलं. संसार केला. भांडतो. बायको चांगली आहे. संपलं.

फॉर्मही भरून टाकला. आमचं लग्न १६ मे २०१०. गावच्या देवळासमोर मांडव, पाचशे पान उठलं. ही तारीख मी झोपेतही सांगेन.

२२ सप्टेंबर

मालकांना सांगून टाकलं, पुढच्या उन्हाळ्याआधी मी गेलेलो असेन. हेमाला कळवलं. तिकडे गेल्यावर एक जुना पिकअप घेईन, डक्टचं काम घेईन, भाड्याचं घर सोडून थोडं लांब मोठं घर बघू, मृणालीची शाळा बदलावी लागेल.

म्हणाली, "तुम्ही सगळं ठरवलंच आहे का?"

म्हटलं, कोणीतरी ठरवायला नको? म्हणाली, "बघू."

बघू म्हणजे काय! इथे माणूस पुरावे गोळा करून थकला.

७ ऑक्टोबर

पर्थच्या एजंटबाईची मेल. हेमाने तिला फी देऊन नेमलंय, सगळे कागद आधी ती तपासते.

"डिअर मिस्टर जयप्रकाश, तुमच्या आणि तुमच्या पत्नीच्या फॉर्मवर लग्नाची तारीख वेगवेगळी आहे. यात सहा महिन्यांचा फरक आहे. असा अर्ज पुढे गेला तर लग्नावरच शंका घेतली जाईल."

हेमाने लिहिलीय २३ नोव्हेंबर २००९! तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या लग्नाची तारीख बाईला ठाऊक नाही!

मग लक्षात आलं. ते रजिस्टर केलं तो दिवस. व्हिसासाठी तिचा पासपोर्ट माझ्या नावाने लागणार होता आणि पासपोर्टला लग्नाचं सर्टिफिकेट. गुरुजींनी मुहूर्त काढला मे महिन्याचा. म्हणून मी रजेवर आलो तेव्हा चिपळूणच्या ऑफिसात नुसत्या सह्या केल्या. आमच्याकडे आखातातल्या प्रत्येकाने असंच केलंय. सह्या करून ती तिच्या वडिलांच्या घरी, मी माझ्या घरी, चार दिवसांनी विमानात. कागदावर बायको, पण अक्षता पडेपर्यंत भेटायचं नाही. त्याला कोण लग्न म्हणतं?

८ ऑक्टोबर

फोन केला. म्हटलं, तारीख बदल. कोर्टाचा कागद वेगळा आणि लग्न वेगळं, हे त्या बाईला समजावून सांगता येईल.

म्हणाली, "मी नाही बदलणार."

"अगं, सर्टिफिकेटवर ती तारीख आहे म्हणून लिहिलीस ना? मग दोन ओळींचा खुलासा दे."

"सर्टिफिकेटवर आहे म्हणून नाही लिहिली."

मग कशाला लिहिलीस, विचारलं तर म्हणे ड्युटीला उशीर होतोय. मी पण सांगितलं, मेलो तरी माझी तारीख बदलणार नाही. पाचशे माणसं जेवली त्या दिवशी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एजंटबाईने तोडगा काढलाय. दोघांनी एकमेकांना न विचारता एकेक पान लिहायचं, आपण ही तारीख का मानतो. दोन्ही पानं अर्जाला जोडायची.

परीक्षेला बसवलंय वेगवेगळ्या बाकांवर. लिहिलं मुकाट्याने. हिंदू पद्धत, मुहूर्त, सप्तपदी, सगळं सांगितलं. मयुरेशने इंग्रजी नीट करून दिलं. शेवटी लिहिलं, रजिस्टर ऑफिसात फक्त कागदाचं काम झालं, बाकी काही नाही.

१४ ऑक्टोबर

हेमाचं पान अजून नाही. फोन मृणालीने उचलला. "पप्पा, मॉम इज रायटिंग समथिंग. शी सेड डोन्ट डिस्टर्ब." मी मराठीत विचारलं, काय लिहितेय? "आय डोन्ट नो. शी कीप्स टेअरिंग इट अप."

एक पान लिहायला इतके दिवस! मला एक दुपार लागली.

२० ऑक्टोबर

दिवाळी. वर्कशॉपमध्ये पोरांना मिठाई वाटली. हेमाचा मेसेज — फराळ मिळाला का. मी — हो. बस्स.

२३ ऑक्टोबर

दोन्ही पानं एकत्र करून एजंटबाईने पाठवली. पुढे धाडायच्या आधी एकदा वाचून होकार द्या म्हणाली.

हेमाचं इंग्रजी साधं आहे, पेशंटच्या रिपोर्टसारखं. दोनदा वाचलं. इथे मराठीत उतरवून ठेवतो.

"सह्या झाल्यावर घरची माणसं क्लार्कशी बोलत आत थांबली. आम्ही दोघं बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे होतो. तेव्हा माझ्या नवऱ्याने मला विचारलं, तुला यायचंय ना माझ्याबरोबर? नको असेल तर आत्ता सांग, मी सगळं माझ्यावर घेईन. तोपर्यंत मला हे कोणीच विचारलं नव्हतं, वडिलांनीही नाही. मी हो म्हटलं. माझं लग्न त्या दिवशी झालं. मे महिन्यात मला नटवून उभं केलं, पण तेव्हा कोणी काही विचारलं नाही.

माझा नवरा चांगला माणूस आहे. त्याने मला कधी त्रास दिला नाही. बहरीनला मी कुठे काम करायचं, ते त्याने सांगितलं. पर्थला जा, तेही त्यानेच सांगितलं. आता तो येतो आहे, असं त्याने सांगितलं आहे. पण त्या दिवसानंतर त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही."

पहिल्यांदा भयंकर संताप आला. घरातलं सरकारला सांगायचं? परक्या साहेबाने वाचायचं हे? आणि मला का नाही बोललीस कधी, पंधरा वर्षांत? तोंड होतं ना?

मला ते झेरॉक्सचं दुकान आठवत नाही. काय बोललो तेही आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. त्या दिवशी विमानाच्या तिकिटाची काळजी होती, तेवढं लक्षात आहे. पण हेमा खोटं लिहिणार नाही. म्हणजे मी तसं बोललो असणार.

एजंटबाईला अजून होकार कळवलेला नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मयुरेशने विचारलं, काय झालं, अर्ज अडकला का? मी म्हटलं, मफी प्रॉब्लेम, सगळं ठीक.

दिवसभर राग कोणावर काढावा, ते कळेना. एजंटबाईवर काढून झाला. ताहिरवर झाला. त्या ऑस्ट्रेलियाच्या साहेबावर तर सप्टेंबरपासून काढतोय. त्याने मला येऊ द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे असं धरून चाललो होतो.

२५ ऑक्टोबर

सकाळी कामावर जायच्या आधी फोन केला. म्हटलं, "हेमा, मी तिकडे येऊ का?"

म्हणाली, "विचार करून सांगते."