साच्यात राहिलेला गेणबा

शिरूर, मंगळवार

ती. एलिझाबेथ आत्यांस,

मॅथ्यूचा ख्रिस्तात सलाम. तुमचा गुडघा, तुमचं मांजर आणि तुमचा राग यांची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोघांसाठी रोज प्रार्थना करतो, तिसऱ्यासाठी हे पत्र. (फोनवर तुम्ही "राँग नंबर, मॅथ्यू" म्हणून ठेवून देता, म्हणून पोस्टाचा आसरा.)

झालं काय ते माझ्या तोंडून ऐका, कारण तुमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी सॅमसनमामा यांनी ते दौंडभर तिखटमीठ लावून सांगितलं असणार. निवृत्त झाल्यापासून मी इंटरनेटवरच्या एका मराठी शब्दकोशात शब्दांच्या वापराचे जुने छापील दाखले भरतो. तिथं कुणीही भर घालू शकतं, म्हणून मलाही घेतलं. तुमच्याकडून आणलेलं मडमेचं प्रवासवर्णन त्यासाठी अगदी नामी. बाई १८७९ साली शिरूरहून दौंडला बैलगाडीनं गेली आणि वाटेत कानावर पडलेला प्रत्येक मराठी शब्द तिनं इंग्रजी पुस्तकात कोंबला. खोगीर, झूल, हुरडा, कालवण, सगळं आहे. (कालवणाला दोन पानं शिव्याही आहेत.)

पण प्रत्येक शब्दाखाली पुस्तकाचं नाव, साल, छापखाना लिहून माझी बोटं वाकडी झाली. तेव्हा शेजारच्या रुपालीनं (बानूबाईंची सून, कारेगावच्या कंपनीत क्वालिटीला आहे) मला साचा करून दिला. नाताळच्या करंज्यांचा असतो तसाच हा साचा. एकदा घडवला की नोंदीत फक्त पान नंबर आणि वाक्य भरायचं, बाकीचं आपोआप उमटतं. तिनं बजावलं होतं, "काका, आधी तपासा, मगच वापरा. आमच्याकडं साचा चुकला म्हंजी आख्खा लॉट रिजेक्ट." मी म्हणालो, पोरी, मी छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलंय.

त्या व्याकरणाचा उपयोग असा झाला, की साचा चालतो का हे बघायला मी त्यात ६२व्या पानावरचं एक वाक्य टाकलं आणि ते काढायचं विसरलो. नोंदीत मी काहीही भरलं तरी उमटायचं ते साच्यातलंच वाक्य, आणि मी काही उमटलेलं वाचून बघत नव्हतो. परिणामी दोनशे चौदा शब्दांखाली एकच दाखला गेला: 'आमचा आचारी गेणबा याने माझी कोंबडी खाल्ली आणि ती मुंगसाने नेली असे शपथेवर सांगितले.' (भाषांतर माझं.) 'कोंबडी'खाली ठीक. 'शपथ'खालीही एक वेळ चालेल. पण 'उपवास', 'प्रामाणिक' आणि 'देवदूत' यांनी कुठं तोंड लपवायचं?

आणि नेमकं सॅमसनमामांना चर्चच्या सभागृहाच्या पाटीसाठी 'पूर्वज'मधला 'पू' ऱ्हस्व की दीर्घ ते कोशात बघायचं होतं! नव्या सभागृहाला गेणबांचं, म्हणजे तुमच्या पणजोबांचं नाव द्यावं म्हणून तुम्ही चार वर्षं कमिटीच्या मागे लागलात. अखेर ते मान्य झालं आणि माझ्या एका वाक्यानं पाटी अडली. "कोंबडीचोराचं नाव कशापायी लावायचं?" असं मामा भर मीटिंगमध्ये म्हणाले आणि तुम्ही काही न बोलता उठून गेलात, असं कळलं. तुम्ही, आणि काही न बोलता! ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही, आत्या. लाज वाटते.

असो. साचा मी दुरुस्त केला आहे. येत्या रविवारी कमिटी पुन्हा बसणार आहे, तेव्हा मामांना कोश उघडून दाखवा. मोठ्या मनानं क्षमा करावी.

तुमचा नालायक भाचा,
मॅथ्यू

ता. क. साचा दुरुस्त केलेला नाही. रुपाली म्हणते, एका मिनिटाचं काम आहे. मी मुद्दाम थांबलोय.

ता. क. २. कारण तुमच्या प्रतीत ६२ नंतर एकदम ६५वं पान येतं. मधला कागद इतक्या सफाईनं कापलाय, की ते ऑपरेशन थिएटरात जन्म काढलेल्या नर्सचंच काम. मी कुणाचं नाव घेत नाही. पण त्याच पुस्तकाची दुसरी प्रत एका ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवलीय, आणि काल मी ६३वं पान वाचलं. दुसऱ्या दिवशी गेणबा घरची कोंबडी काखोटीला मारून मडमेपुढे उभे राहिले आणि जे बोलले ते तिनं इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच छापलंय: "मडमसाहेब, मुंगूस मीच हाय." खाली ती म्हणते, आपणहून चूक कबूल करणारा माणूस तिला साऱ्या प्रवासात हा एकच भेटला (पाद्री धरून). शिवाय आपल्याकडच्या 'हाय'ला इतका जुना छापील दाखला आमच्या कोशात दुसरा नाही.

ता. क. ३. आता खरी विनंती. तो कागद तुमच्या बायबलात असणार. रविवारी तो कमिटीपुढे तुम्ही स्वतः वाचा. पणजोबांची चोरी झाकायला गेलात, ती ६२व्या पानावर तशीच राहिली आणि त्यांची कबुलीच कापून ठेवलीत, आत्या. पाटीवर नाव लावण्याजोगं त्यांनी जे केलं, ते त्याच कागदावर आहे. तुम्ही वाचलंत की त्या मिनिटाला मी साचा दुरुस्त करतो. आणि वाचाल ते मोठ्यानं वाचा, सॅमसनमामांना डाव्या कानानं ऐकू येत नाही.